लहान बोटींची तपासणी

कोंकणांतील ज्या घरांत आजोबा-पणजोबांच्या आठवणी अजून निघतात, तेथें ‘रामदास’ हें नांव दोन प्रसंगीं उच्चारलें जातें. एक समर्थांचें स्मरण म्हणून. दुसरें त्या आगबोटीच्या संबंधांत. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ ऐन पावसाळी समुद्रांत कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. बोट जीर्ण नव्हती. बांधून तिला उणींपुरीं अकरा वर्षें झालीं होतीं. लाटांच्या माऱ्यानें ती एका अंगास झुकली, भयभीत उतारू एका बाजूस धांवले आणि जें सांवरण्याजोगें होतें तें सांवरेनासें झालें. बोटीवर बिनतारी यंत्र नसल्यामुळें मुंबईस ही वार्ता कळण्यास कित्येक तास गेले. त्याच्याही आधीं, ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशीं वादळांत बुडाल्या होत्या.

आज मांडव्यास किंवा घारापुरीस जाणारा मनुष्य लाँचींत पाऊल ठेवतांना फार तर इतकेंच विचारतो, “बोट चांगली आहे ना?” या प्रश्नाचें सरकारी उत्तर एका दाखल्यावर लिहिलेलें असतें. अंतर्गत जलमार्गांवरील नौकांसाठीं १९१७ सालीं झालेल्या कायद्याची जागा २०२१ च्या कायद्यानें घेतली, तरी मूळ तत्त्व तेंच आहे: ठराविक मुदतीनें तपासनिसानें नौका पाहावी, दाखला द्यावा आणि उतारूंची कमाल संख्या ठरवावी. परंतु तपासनीस प्रत्यक्षांत काय पाहतो, आणि त्याच्या पाहण्यांतून काय निसटूं शकतें, हें ज्यांच्या जिवावर ही तपासणी चालते त्यांनाही थोडेंफार माहीत असावें.

लहान बोटीचें सांग जरी लांकडाचें, लोखंडाचें किंवा फायबरचें असलें, तरी तिच्या तळाशीं मुद्दाम पाडलेलीं भोंकें असतातच. इंजिन थंड करण्यास समुद्राचें पाणी घ्यावें लागतें. पंख्याचा दांडा तळांतून बाहेर जातो. मोरीचें पाणी बाहेर सोडावें लागतें. यांपैकीं दोन इंची नळी पाण्याच्या पातळीखालीं तीन-सवातीन फुटांवर तुटली, तर मिनिटास सुमारें तीनशें लिटर पाणी आंत येतें. घरगुती बादलीच्या हिशेबानें वीस बादल्या! चार माणसें बादल्या घेऊन उपसूं लागलीं तरी मिनिटास वीस बादल्या किती वेळ उपसतील? म्हणून चांगला तपासनीस रंगरंगोटीकडे पाहण्याआधीं लादनी उचलून तळांत उतरतो, प्रत्येक तोटी स्वतःच्या हातानें फिरवून पाहतो आणि रबरी नळीवरची पट्टी गंजली आहे कीं काय हें बोटानें चांचपतो. जी तोटी वर्षभर कोणी फिरवली नाहीं, ती आणीबाणीच्या वेळीं फिरत नसते.

तळांत सांचलेलें पाणी काढण्याचा पंप हें दुसरें अंग. पंप सुरू करून त्याची घरघर ऐकणें म्हणजे पंप तपासणें नव्हे. तळांत खरोखर पाणी ओतून तें बाहेर पडतें कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. पुष्कळदां पंप उत्तम असतो, परंतु त्याच्या तोंडावरील जाळीला चिंध्या, काथ्या आणि तेलाचा चिखल यांनीं बूच बसलेलें असतें. पंपास वीज पुरविणारी बॅटरी त्याच तळांत अगदीं खालीं ठेवलेली आढळते, हा तर विनोदच म्हणावा. कारण जेव्हां पंपाची खरी गरज लागेल, तेव्हां बॅटरी पाण्याखालीं असेल. सुट्या सुट्या वस्तू निर्दोष असूनही त्यांचा मेळ सदोष असूं शकतो, याचें इतकें सोपें उदाहरण दुसरें नाहीं.

पाणी आंत आलें म्हणजे बोट केवळ जड होते असें नव्हे. तें मोकळें पाणी बोट ज्या बाजूस कलते त्याच बाजूस धांवतें आणि तिला आणखी कलवितें. ताटांत पातळ आमटी वाढून तें ताट हातांत घेऊन चालणाऱ्यास ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाहीं. तीच आमटी वाटींत असली म्हणजे सांडत नाहीं. शास्त्रानेंही तेंच ठरविलें आहे: रुंद कप्प्याच्या मधोमध एक उभी भिंत घातली, तर पाण्याचा हा कलविण्याचा प्रभाव निम्मा नव्हे, एक चतुर्थांश होतो.

याहून कठीण प्रश्न माणसांचा. माणसें हाही एक चल भारच आहे, आणि तो स्वतःच्या इच्छेनें हलतो. बोट किती स्थिर आहे हें ठरविण्यासाठीं शांत पाण्यांत तिच्यावर ठराविक वजनें एका बाजूकडून दुसरीकडे सरकवितात आणि ओळंबा किती ढळला तें मोजतात. या प्रयोगावरून उतारूंची संख्या ठरते. पण ती संख्या ठरवितांना एका उतारूचें वजन किती धरलें?

अमेरिकेंतील न्यू यॉर्क राज्यांत लेक जॉर्ज नांवाचें सरोवर आहे. तेथें २ ऑक्टोबर २००५ रोजीं ‘एथन अ‍ॅलन’ नांवाची सुमारें चाळीस फुटी सहलीची बोट निवांत हवेंत उलटली आणि वीस माणसें मेलीं. उतारू बहुतेक वृद्ध होते. आश्चर्य असें कीं, दाखला अठ्ठेचाळीस उतारूंचा होता आणि बोटींत सत्तेचाळीसच होते. उतारूंच्या संख्येची मर्यादा कोणी मोडली नव्हती! चौकशींत निघालें तें असें: दर उतारूचें वजन १४० पौंड धरण्याची रीत जुनी होती, त्या दिवशींच्या उतारूंची सरासरी त्याहून पुष्कळ अधिक भरली. शिवाय बोटीवर मूळचें कापडी छत काढून लांकडी छत बसविलें होतें. भार वर चढला, तरी तिची स्थिरता पुन्हां कोणी मोजली नाहीं. एका दुसऱ्या बोटीची लाट आली, सुकाणू जोरानें वळलें, बांकांवर बसलेले लोक एका बाजूस घसरले, आणि खेळ संपला. चौकशी मंडळाच्या हिशेबानें त्या बोटींत चौदा उतारू बसविणें योग्य झालें असतें. पुढें २०११ सालीं अमेरिकेंत दर उतारूचें वजन १८५ पौंड धरण्याचा नियम झाला.

आपल्याकडील लाँचीवर वरचा मजला चढविणें, पत्र्याचें छप्पर घालणें, पाण्याच्या टांक्या माथ्यावर ठेवणें या गोष्टी मालकास घराच्या दुरुस्तीसारख्या वाटतात. तपासनिसानें मागील वर्षीचें छायाचित्र हातांत घेऊन बोट पाहिली, तर पुष्कळ अनर्थ टळतील असें आमचें मत आहे.

सुकाणू व इंजिन यांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. सुकाणूची सांखळी तुटली तर हातानें वळविण्याचा दांडा असावा, आणि तो खलाशास शोधावा लागूं नये. तेलाची तोटी इंजिनघराच्या बाहेरूनही बंद करतां यावी. आग लागल्यावर आंत जाऊन तोटी फिरविणारा वीर मिळेल हें गृहीत धरूं नये.

सुकाणूघरांतून काय दिसतें, हें मात्र बहुधा कोणी पाहत नाहीं. लंडनच्या टेम्स नदींत २० ऑगस्ट १९८९ च्या मध्यरात्रीनंतर ‘मार्शियोनेस’ या सहलीच्या बोटीस ‘बोबेल’ नांवाच्या वाळू काढणाऱ्या जहाजानें धडक दिली व एक्कावन्न माणसें बुडालीं. दोन्ही नौकांवर नीट पहारा नव्हता, आणि दोन्हींच्या सुकाणूघरांतून दिसण्यास अडथळा होता. मुंबई बंदरांत १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचीवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू असतां तिचा ताबा सुटला होता. पंधरा जीव गेले. या प्रसंगीं लाँचीच्या तळांत, पंपांत किंवा सुकाणूंत दोष शोधण्यांत अर्थ नव्हता. परंतु मर्यादेपेक्षां अधिक उतारू आणि अंगावर नसलेलीं जीवरक्षक जाकिटें, या दोन गोष्टींची चर्चा तेव्हां झाली, आणि ती होणें रास्तच होतें.

जाकिटांचा प्रकार असा आहे. दाखल्यासाठीं तीं मोजलीं जातात. संख्या जुळली कीं काम झालें. परंतु तीं बांकाखालीं कुलपांत आहेत काय? उन्हानें त्यांचे पट्टे कुजले आहेत काय? लहान मुलांच्या मापाचीं किती आहेत? एक तपासणी अगदीं सोपी आहे: खलाशास सर्वांत दूरचें जाकीट आणून एका उतारूस घालावयास सांगावें आणि घड्याळाकडे पाहत राहावें. यापुढेंही एक पेंच आहे. छत असलेली बोट उलटल्यास जाकीट घातलेला मनुष्य वर तरंगतो, पण बोटीखालींच अडकतो, आणि पोहून खालीं जाण्यास तेंच जाकीट त्यास आडकाठी करतें. म्हणून पावसाच्या सरी अडविण्यास बाजूला सोडलेल्या ताडपत्रीचीही तपासणी झाली पाहिजे: तिच्या गांठी आंतून एका हिसक्यासरशीं सुटतात कीं बाहेरूनच, हें तपासनिसानें स्वतः आंतल्या बांकावर, उतारूच्या जागीं बसून पाहावें.