नेहमीच्या दुखण्याआडचा सिकलसेल

धानाची कापणी आटोपून थंडी पडू लागली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील दवाखान्यांत अंगदुखीचे रुग्ण वाढू लागतात. हा पट्टा हिवतापाचा. त्यामुळे ताप आला की प्रथम हिवतापाचा संशय घेतला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु एखादे मूल वर्षातून अनेकदा दवाखान्यात येते. कधी तापाने, कधी सांधे दुखतात म्हणून, तर कधी डोळे पिवळे झाले म्हणून. प्रत्येक वेळी चिठ्ठी नवी, औषध नवे. हिवताप, संधिवात, कावीळ, रक्तक्षय अशी चार नावे मिळतात. मूळ कारण मात्र अनेकदा एकच असते, सिकलसेल.

या आनुवंशिक विकारात हिमोग्लोबिनमधील दोषामुळे तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. ही पेशी काही आठवड्यांतच फुटते. त्यातून रक्तक्षय व कावीळ उद्भवते. कडक झालेल्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकल्या की असह्य वेदना होतात. थंडी, ताप आणि शरीरातील पाण्याची कमतरता ही त्याची नेहमीची निमित्ते. तान्ह्या बाळाचे हातपाय सुजणे ही अनेकदा पहिली खूण असते. केवळ लोहाच्या गोळ्यांनी हा रक्तक्षय भरून येत नाही.

हा विकार येथे नवा नाही. मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला व सोलंकी यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये १९५८ सालीच प्रसिद्ध झाला होता. १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' संस्था स्थापन करणाऱ्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीही आरंभीच्या काळात या विकाराचा शोध घेतला. मात्र लोकांना ती आपली निकडीची गरज वाटली नाही. आजार सापडणे आणि तो घराघराला उमगणे यांत असे अंतर असते.

निदानाची पहिली पायरी सोपी आहे. रक्ताच्या काही थेंबांवर होणारी सोल्युबिलिटी चाचणी काही मिनिटांत दोषाची सूचना देते. मात्र व्यक्ती केवळ वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने कळते. निदान झाल्यास फॉलिक अ‍ॅसिड, भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक आणि गरजेनुसार हायड्रॉक्सियुरिया यांनी वेदनेचे प्रसंग कमी करता येतात. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे.

आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून विवाह ठरविण्यापूर्वीच दोन्ही घरांनी ही तपासणी करून घेणे हिताचे.

एका नोंदीवरून खात्याचे स्वरूप कळत नाही. ते सर्व पाने उलटल्यावरच उमगते. वारंवार आजारी पडणाऱ्या मुलाला दवाखान्यात नेताना जुन्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत सोबत न्याव्यात आणि "सिकलसेलची तपासणी झाली आहे का?" एवढे अवश्य विचारावे.