बाटलेली नदी आणि वाळूचा हिशेब

‘ही नदी आधीच बिघडलेली आहे, इथे उपसा केल्याने नवे काय बिघडणार?’ वाळूघाटाची चर्चा निघाली की हा युक्तिवाद पुढे येतो. आपल्याला त्याची ओळख आहे. ज्याला एकदा बाटलेले ठरवले त्याच्यावर आणखी काहीही लोटावे, हा न्याय आपल्या वस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगला. म्हणून तो नदीच्या बाबतीतही तपासून पाहिला पाहिजे.

पैठणखालची गोदावरी घ्या. १९७६ साली जायकवाडी धरण पुरे झाले. धरण पाणी अडवते तशी वाळूही अडवते. वाळू जड, ती जलाशयाच्या तळाशी बसते. खालच्या पात्राला उपनद्या आणतील तेवढीच नवी वाळू मिळते, बाकी सगळी जुनी पुंजी. केनी, तराफे आणि पुढे जेसीबी आले ते या पुंजीवर. म्हणजे बिघडलेल्या नदीची नवा घाव सोसण्याची ताकद निरोगी नदीहून कमी असते. युक्तिवाद नेमका उलटा आहे!

आता जीवांचे पाहू. नदी सुरय हा पक्षी उन्हाळ्यात, पाणी उतरून वाळूची बेटे उघडी पडली की, नुसत्या खळग्यात अंडी घालतो. टिटवीचेही तसेच. मऊ पाठीची कासवे काठाच्या मातीवाळूत अंडी पुरतात. पावसाळ्यात उपसा बंद असतो, म्हणजे ट्रक पात्रात उतरतात ते ऐन विणीच्या दिवसांत. पावसाळ्यात एक फेरी मारून ‘घरटी आढळली नाहीत’ असे लिहिणारा अधिकारी खोटे बोलत नसेलही; तो चुकीच्या महिन्यात आलेला असतो. पाहणी निदान तिन्ही ऋतूंत हवी.

शिवाय बिघडलेली जागा रिकामी नसते. जुन्या उपशाने तुटलेल्या उभ्या दरडीत खंड्या आणि वेडे राघू बिळे करतात. खड्ड्यांतल्या डोहात मासे उन्हाळा काढतात. अर्थात असा डोह आटला तर तोच त्यांचा सापळा होतो, हेही नोंदवावे. आणि तुलना कशाशी? शेजारच्या उकरलेल्या पट्ट्याशी केली तर नुकसान नेहमी शून्यच निघणार. तुलना न उकरलेल्या पात्राशी हवी, आणि सगळ्या घाटांचा हिशेब एकत्र हवा. एका मोठ्या पट्ट्याचे लहान तुकडे पाडून तपासणी चुकवली जात होती. २०१२ साली दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली, ती याच कारणाने.

वाळू ही पाणी धरून ठेवणारी गादी आहे. ती गेली की काठच्या विहिरी आटतात. ज्याला खोल बोअर परवडत नाही त्याची आधी.

घरटी कुठे असतात हे तराफ्यावरच्या मजुराला ठाऊक असते. पण त्याला विचारायला कुणी येत नाही. विचारलेच तरी तो सांगेल का? घाट बंद झाला की पहिली रोजी त्याचीच बुडते, आणि पर्यायी कामाचा रकाना अहवालात नसतो.