पानं पोस्टरवरची, पानं केळव्याची

शनिवार सकाळची डहाणू लोकल. खांद्यावर सॅक, सॅकमध्ये कॅमेरा, ट्रायपॉड कुणाच्या तरी पायावर आणि समोरच्या काकांची ती जळजळीत नजर! केळवे रोडला उतरायचं, टमटममध्ये दाटीवाटीने बसायचं आणि सुरूच्या झाडांमागे समुद्र दिसला की ऑफिस विसरायचं. हा वीकएण्ड प्लॅन तुमच्याही ओळखीचा असेल. आमच्या प्लॅनमध्ये फक्त एक गोष्ट जास्तीची होती. आम्हाला शॉर्ट फिल्म करायची होती.

पाच मित्र, दोन वीकएण्ड आणि नऊ मिनिटांची फिल्म. एडिटिंग रोज ऑफिसनंतर, मॅगी खात. फिल्म तयार झाली आणि प्रत्येक हौशी फिल्ममेकरला पडतो तो प्रश्न पडला. आता ही दाखवायची कुठे?

उत्तर सोपं वाटलं : फेस्टिव्हल! नेटवर शोधायला बसा, ढिगाने सापडतात. आम्ही एक निवडला, फी भरली आणि तीनच आठवड्यांत मेल आला. अभिनंदन, पदार्पणातली सर्वोत्कृष्ट फिल्म तुमचीच! पार्टी झाली. पोस्टरवर दोन्ही बाजूंनी वळलेल्या पानांच्या डहाळ्या चिकटवल्या. फिल्मवाले त्यांना ‘लॉरेल’ म्हणतात. मग हळूच कळलं, की ट्रॉफी हवी असेल तर वेगळे पैसे आणि कुरिअरचे त्याहून वेगळे. स्क्रीनिंग कुठे? कुठेच नाही. शेवटी आमच्यातल्या आयटीवाल्याने पाठवलेल्या लिंकचे आकडे उघडले. फिल्म किती वेळा पाहिली गेली? शून्य.

म्हणजे कुणीही न पाहिलेल्या फिल्मला आम्ही बक्षीस मिळवलं होतं! हसू आलं आणि पोटात खड्डाही पडला.

मग वाटलं, सगळे फेस्टिव्हल असेच असतात का? मुळीच नाही. जगातला सगळ्यात जुना फिल्म फेस्टिव्हल व्हेनिसचा. तो १९३२ साली सुरू झाला लिडो बेटावर, समुद्राकाठच्या एका हॉटेलच्या गच्चीवर. समुद्र, गच्ची, पडदा आणि समोर बसलेली माणसं. याच व्हेनिसमध्ये १९३७ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ गौरवला गेला. आज पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, म्हणजे २००२ पासून चालत आलेल्या आपल्या ‘पिफ’मध्ये, मराठी चित्रपटांसाठीचा पुरस्कार याच ‘संत तुकाराम’च्या नावाने दिला जातो.

२०१४ मध्ये अविनाश अरुणच्या ‘किल्ला’ला बर्लिनमध्ये ‘क्रिस्टल बेअर’ मिळाला. तो दिला मुलांच्या ज्युरीने. कोकणातल्या एका मुलाची गोष्ट परदेशी शाळकरी पोरांनी बसून पाहिली आणि ठरवलं, की हीच! त्याच वर्षी चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ने व्हेनिस गाजवलं. आणि ताजं उदाहरण रोहन कानवडेचं. हा मूळचा इंटिरियर डिझायनर. शॉर्ट फिल्म करत करत शिकला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या ‘साबर बोंडं’ने अमेरिकेतल्या सनडान्सला ग्रँड ज्युरी पुरस्कार पटकावला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फिल्म आपल्या थिएटरांतही लागली. नऊ ते सहावाल्यांनो, हे नाव डेस्कवर चिकटवून ठेवा!

या सगळ्यांच्या पुरस्कारामागे एक साधी गोष्ट आहे. अंधाऱ्या हॉलमध्ये बसून कुणीतरी फिल्म शेवटपर्यंत पाहिली होती. पुरस्काराची खरी किंमत तीच. अर्थात असा हॉल उभा करणं सोपं नाही. मुंबईच्या ‘मामि’सारख्या फेस्टिव्हललाही २०१४ मध्ये प्रायोजक गेल्यावर लोकवर्गणीवर तगून राहावं लागलं आणि २०२५ मध्ये तर त्याचं ते वर्षच चुकलं. त्यामुळे प्रामाणिक फेस्टिव्हलने एन्ट्री फी घेतली तर लगेच नाक मुरडू नका. फी घेणं हा गुन्हा नाही, फी घेऊन फिल्म न पाहणं हा आहे.

मग ओळखायचं कसं? आमच्या चुकीतून तुम्ही शहाणे व्हा. गेल्या वर्षीचं वेळापत्रक मागा : कोणतं थिएटर, कोणती तारीख, किती वाजता. ज्युरींची नावं पाहा आणि त्या माणसांनी स्वतः काय काम केलंय तेही. बक्षिसांचे विभाग मोजा. जिथे दर महिन्याला शंभरेक विजेते निघतात तिथे हरणंच अवघड! ट्रॉफी विकत घ्यायला सांगितली, तर सरळ लॅपटॉप बंद करा. आणि पालघर-बोईसरहून निघणाऱ्यांनी आधी जवळचं पाहावं. शॉर्ट फिल्म आणि डॉक्युमेंटरीसाठीचा ‘मिफ’ १९९० पासून मुंबईत भरतो, दर दोन वर्षांनी. त्याचं बक्षीस काय माहितेय? सुवर्णशंख. किनाऱ्यावरच्या माणसाला यापेक्षा शोभेल असं काय असणार!

आमच्या फिल्मचं पुढे काय झालं? पुन्हा केळव्याला गेलो. ज्या काकींकडे शूटिंगच्या वेळी राहिलो होतो त्यांच्या अंगणात चादर बांधली, प्रोजेक्टर लावला. तीसेक माणसं जमली, त्यात निम्मी पोरंटोरं. पाचव्या मिनिटाला मागून एक आजोबा ओरडले, “अरे, आत्ता तर भरती होती, लगेच ओहोटी कशी लागली?” अख्खं अंगण हसलं. दोन वेगळ्या वीकएण्डचे शॉट आम्ही जोडले होते. आमच्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, कुठल्याही ज्युरीने सांगितलं नव्हतं. पण शेवटच्या सीनला तेच अंगण गप्प झालं. काकींनी पदर डोळ्यांना लावला. बस्स, आणखी काय हवं?

निघताना आजोबांनी हातावर विडा ठेवला. केळवे-माहीमचा पट्टा पानमळ्यांचा, इथे पानांची काय कमी! पोस्टरवरच्या त्या विकतच्या डहाळ्या आम्ही त्याच रात्री काढून टाकल्या. आता भरती-ओहोटी नीट जुळवून तो सीन पुन्हा शूट करायचाय आणि मग फिल्म मिफला पाठवायची आहे. निवड होईल न होईल.

विडा तर उचललाय!