पाण्याचा हिशोब आणि गिऱ्हाईकाची घाई

कापड बाजारात एक जुनी रीत आहे. जाणते गिऱ्हाईक तागा हातात घेऊन दुकानाबाहेर उजेडात येते आणि मगच रंग पसंत करते. आतल्या दिव्याखाली जो रंग मोरपंखी दिसतो तो उन्हात भलताच निघतो, हे दुकानदारालाही ठाऊक असते. आम्ही स्वतः या धंद्यात वीस-बावीस वर्षे काढल्यावर, २०१४ साली, निळ्या दिव्याखाली ठेवलेला माल पाहून भुललो आणि एका रविवारात पंचेचाळीस हजार रुपये मोजून बसलो. माल कापडाचा नव्हता. ते होते समुद्राचे मासे आणि प्रवाळ.

प्रवाळ म्हणजे पोवळे. आम्ही उर्दू शाळेत त्याला मरजान म्हणायला शिकलो. समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी करून तिच्यात प्रवाळ आणि त्याच्या आसऱ्याने राहणारे मासे ठेवण्याचा शौक आज अमेरिका, युरोपपासून मुंबईपर्यंत पसरला आहे. याच्या आरंभीच्या लोकांत जकार्त्याचे ली चिन एंग यांचे नाव घेतले जाते. त्यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत सांगितली. समुद्रातील सजीव खडक, थोडी हवा, उजेड, आणि बाकीचे काम पाण्यातील सूक्ष्म जीवांवर सोडायचे. पुढे यंत्रे पुष्कळ आली, पण खरे काम आजही त्या न दिसणाऱ्या जीवांकडेच आहे. आमचे नुकसान झाले ते एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे.

दुकानाचे नूतनीकरण चालले होते. गादीशेजारी समुद्राची टाकी ठेवली तर बायका-मुले थांबतील, मुले रमली की खरेदी निवांत होईल, असा आमचा हिशोब. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकी घेतली. तिच्यात सुमारे अडीचशे लिटर पाणी बसते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात, म्हणून नऊ किलोच्या आसपास खास मीठ लागले. (घरातले मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर बरेच काही असते.) ज्यांच्याकडून माल घेतला त्यांनी सांगितले, दोन दिवस पाणी फिरू द्या, मग मासे सोडा. तिसऱ्या दिवशी आम्ही दोन क्लाउनफिश, तीन डॅमसेल, एक ब्लू टँग आणि दगडाला चिकटलेले मऊ जातीचे प्रवाळ आणले. ब्लू टँग तेव्हा तीन बोटांएवढा होता. तो पूर्ण वाढला की सुमारे एक फुटाचा होतो आणि त्याला पोहायला आमच्या टाकीहून पुष्कळ मोठी टाकी लागते, हे आम्ही विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही.

आता पाण्यात काय घडते ते पाहू. मासा खातो आणि घाण करतो. त्या घाणीतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. अमोनिया हे माशाला विष आहे, आणि समुद्राचे पाणी अल्कधर्मी असल्यामुळे गोड्या पाण्यापेक्षा तेथे त्याचा जहालपणा जास्त. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही घातकच. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते माशांना बरेच सोसते. हे दोन्ही जिवाणू नव्या टाकीत नसतात म्हटले तरी चालेल. दगडावर, वाळूवर, गाळणीत त्यांची वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. माशाविना थोडा अमोनिया घालून ही वस्ती वाढवता येते. तपासणीत अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य आले की टाकी मासा घ्यायला तयार झाली असे समजावे. तोपर्यंत पाणी कितीही नितळ दिसो, ते कच्चेच. आमचे पाणी आरशासारखे स्वच्छ होते.

नवव्या दिवशी पहिला क्लाउनफिश गेला. येथपर्यंतची चूक तशी सामान्य आहे. नवा शौकीन ती करतोच. मात्र खरा नाश त्यानंतरच्या चार दिवसांत झाला, आणि तो आमच्या हाताने झाला. घाबरून आम्ही एका दुपारी जवळजवळ सगळे पाणी बदलले. नवे पाणी नुकतेच कालवलेले, ना क्षार मोजले ना तपमान. संध्याकाळी ब्लू टँगच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले म्हणून कोणीतरी सुचवलेले औषध ओतले. त्यात तांबे होते. तांब्याने माशावरचा परोपजीवी मरतो हे खरे, पण प्रवाळ, झिंगे, शंख असे पाठीचा कणा नसलेले जीवही त्याने मरतात. वर ते तांबे दगडात आणि वाळूत मुरून बसते. दोन दिवसांत प्रवाळ आक्रसून वितळले. ते सडल्याने पाणी आणखी बिघडले. चौदाव्या दिवशी एक डॅमसेल तेवढा शिल्लक होता.

घाई दोन प्रकारची असते. एक हौसेची, दुसरी भीतीची. पहिलीबद्दल सगळे बोलतात. दुसरी आपल्याला घाई वाटतच नाही, ती तत्परता वाटते. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वेर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले की तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा नुकसानीचे दुःख माणसाला अधिक जाणवते, आणि तोट्यात सापडलेला माणूस एरवी घेणार नाही अशी जोखीम घेतो. पुढे काहनेमन यांना २००२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. भाव पडल्यावर खरेदीची सरासरी खाली आणण्यासाठी आणखी माल भरणारा व्यापारी आम्ही बाजारात पाहिला आहे. टाकीपुढे औषधाची बाटली घेऊन उभा असलेला माणूस त्याचाच भाऊ.

पांढऱ्या ठिपक्यांचाच रोग घ्या. हा परोपजीवी माशाच्या कातडीत काही दिवस राहतो, मग गळून पडतो आणि तळाशी, दगडावर कवचात बसून वाढतो. एकातून पुष्कळ पिल्ले निघतात आणि पुन्हा माशाला धरतात. मधल्या दिवसांत मासा स्वच्छ दिसतो. घाईचा माणूस म्हणतो, औषध लागू पडले, आणि उपचार थांबवतो. आठवड्याने ठिपके दुपटीने येतात. सावध शौकीन मासे वेगळ्या टाकीत काढतो, तेथे मोजून औषध देतो आणि मोठी टाकी माशांविना सुमारे अडीच महिने रिकामी ठेवतो, म्हणजे धरायला मासा न मिळाल्याने परोपजीवी संपतो. अडीच महिने रिकामी टाकी पाहत बसणे सोपे नाही. घरचे रोज विचारतात. म्हणून त्याहून शहाणा माणूस नवा मासा आधीच चार-सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतो.

प्रवाळाचेही तसेच. दगडी प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेटवर बांधते, त्यामुळे पाण्याची क्षारता टिकवावी लागते. ती कमी झाली तर चढवायची, पण अगदी हळू. जाणते लोक जर्मन मापाने दिवसाला एक अंशापेक्षा जास्त चढवत नाहीत. नवा, जास्त तेज दिवा बसवला तर पहिले काही आठवडे तो मंद ठेवतात. एका वेळी एकच बदल करतात आणि वहीत लिहितात. दोन बदल एकदम केले तर फरक कशाने पडला ते कळत नाही. तपासणीचा आकडा विचित्र आला तर पाण्याला हात लावण्यापूर्वी तपासणी पुन्हा करतात, कारण कधी कधी रसायनाचीच मुदत संपलेली असते.

सावधपणा म्हणजे हात बांधून बसणे, असेही कोणी समजू नये. मेलेला मासा ताबडतोब काढावाच लागतो. मासे असलेल्या टाकीत अमोनिया चढला तर त्याच दिवशी, सारख्या तपमानाचे आणि सारख्या खारटपणाचे पाणी तयार करून काही भाग बदलावा लागतो. वीज गेली की पंप बंद पडतो आणि पाण्यातील प्राणवायू घटू लागतो, तेव्हा बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी हवा. उन्हाळ्यात पाणी उडते पण मीठ उडत नाही, म्हणून रोज भर घालायची ती गोड्या पाण्याची. ही कामे झटपट करता येतात, कारण त्यांचा विचार आधीच झालेला असतो.

विचार न करता केलेली साफसफाई तर माणसाच्या जिवावर येऊ शकते. मऊ, बटणासारख्या काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायर परगण्यात एका घरी टाकीतील प्रवाळ साफ करताना ते हवेत पसरले. घरातील माणसांबरोबर मदतीला आलेल्या पोलीस व अग्निशमन दलाच्या लोकांनाही रुग्णालयात जावे लागले. असा दगड उकळू नये, कोरडा घासू नये, हातमोजे व चष्म्याशिवाय हाताळू नये.

आता दुकानदार बंधूंसाठी. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला भागात मासे व टाक्यांचा व्यापार आहे, आणि काच कापून सिलिकॉनने टाक्या जोडणारे कारागीर आपल्यातही आहेत. या धंद्यात हौसेच्या घाईचा गल्ला मोठा असतो. निळ्या दिव्याखाली प्रवाळ चमकते, घरच्या पांढऱ्या उजेडात तेच तपकिरी दिसते. मासा एकच असतो, उद्या मिळणार नाही असे वाटते. रविवार असतो, मुले सोबत असतात. त्यात सिनेमा. २००३ मध्ये ‘फाइंडिंग निमो’ आला तेव्हा क्लाउनफिशची मागणी वाढल्याच्या बातम्या जगभर छापल्या गेल्या. २०१६ मध्ये ब्लू टँगवरचा ‘फाइंडिंग डोरी’ आला. पुढे संशोधकांनी हिशोब तपासला, तर लोकांनी त्या माशाची माहिती पुष्कळ शोधली, पण अमेरिकेत त्याची आयात वाढल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणजे सिनेमा पाहून भरलेला माल अंगावर पडू शकतो, हे व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावे.

पण ज्याचे मासे दोन आठवड्यांत मरतात ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. ते टाकी विकून टाकते, आणि चार जणांना सांगते की हा शौक म्हणजे पैशाची राख. ज्याची टाकी टिकते ते दर महिन्याला मीठ, खाद्य, तपासणीचे सामान आणि दिवे घेत राहते. आम्ही कापडात सूत जाळून पाहतो, सुती आहे की पॉलिस्टर. माशाच्या बाबतीत गिऱ्हाईकाने दुकानातच मासा खाताना पाहावा आणि दुकानदाराने आपणहून दाखवावा. फिलिपाइन्समध्ये १९६० च्या दशकापासून सायनाइड मारून मासे पकडण्याचा वाईट प्रकार चालत आला. असा मासा दुकानात ठीक दिसतो आणि नंतर घरी दगावतो. म्हणून माल कोठून आला हे पुरवठादाराला विचारण्यात संकोच करू नये.

कायद्याचाही एक मुद्दा आहे. सर्व दगडी प्रवाळ, समुद्रपंखा आणि समुद्रघोडे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. आपल्या किनाऱ्यावरून आणलेल्या अशा मालाचा व्यापार हा गंभीर गुन्हा आहे. परदेशी दगडी प्रवाळालाही सायटीस कराराचे कागद लागतात. ‘सगळेच विकतात’ हे उत्तर कोर्टात चालत नाही.

आमची टाकी सात-आठ महिने दुकानाच्या माळ्यावर पडून होती. तो उरलेला डॅमसेल आम्ही एका ओळखीच्या शौकिनाला दिला. मग कुर्ल्याच्या एका बुजुर्ग टाकीवाल्यांकडे गेलो. चाचांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “शेठ, मी काच जोडून सिलिकॉनला आठ दिवस सुकू देतो. गिऱ्हाईक कितीही ओरडले तरी त्याआधी पाणी भरत नाही. तुम्ही जिवंत मासे दोन दिवसांत भरलेत?” त्यांनी तांबे मुरलेले दगड आणि वाळू फेकायला लावली, टाकी धुऊन नवे दगड रचून दिले, आणि दर आठवड्याला पाण्याची बाटली घेऊन यायला सांगितले. पहिल्या आठवड्यात अमोनिया होता. तिसऱ्यात नायट्राइट. सहाव्या आठवड्यात दोन्ही शून्य आले. आम्ही खुशीत दोन क्लाउनफिश मागितले, ते पैदास केंद्रातले. चाचांनी ते पिशवीत बांधून दिले. शेजारच्या टाकीत एक ब्लू टँग फिरत होता. आमची नजर तिकडे गेलेली पाहून त्यांनी त्यावर फडके टाकले आणि म्हणाले, “पुढच्या रविवारी या. बाटली आणा.”