प्रोसेसरवरची जुनी पेस्ट काढणे: ३०० रुपयांचं काम, ४,००० रुपयांची जोखीम

या आठवड्याचा व्हिडिओ बघितला असेल तर एक गोष्ट लक्षात आली असेल. नवी थर्मल पेस्ट लावायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत, पण जुनी काढायला जवळजवळ वीस मिनिटं गेली. व्हिडिओत तो भाग पळवत दाखवलाय, नाहीतर तुम्ही कंटाळून बंद केला असता. पण पैसे आणि धोका दोन्ही त्याच वीस मिनिटांत आहेत, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे गिऱ्हाईक अख्ख्या डब्याला 'सीपीयू' म्हणतं. "सीपीयू आवाज करतोय", "सीपीयू बंद पडतोय". तुम्ही गिऱ्हाइकाला सुधारायला जाऊ नका, पण इथे मी प्रोसेसर म्हणेन तेव्हा मदरबोर्डवरची ती काडेपेटीहून लहान चौकोनी चिप समजा. तिच्यावर धातूचं झाकण, त्यावर हीटसिंक, त्यावर पंखा. झाकण आणि हीटसिंक दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण त्यांच्यात बारीक खड्डे असतात आणि खड्ड्यांत हवा अडकते. तांबं उष्णता नेतं ४०० च्या घरात (वॅट प्रति मीटर केल्विन या मापात), ॲल्युमिनियम २०० च्या वर, आणि हवा फक्त ०.०२६. पेस्ट त्या दोघांच्या मध्ये, साधारण ४ ते १२. म्हणजे पेस्ट तांब्यापेक्षा कितीतरी वाईट आहे, पण हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी. खड्डे बुजवायचे, बस्स, एवढंच तिचं काम. म्हणूनच जाड थर लावणं चुकीचं, आणि जुन्या वाळलेल्या थरावर नवी लावणं त्याहून चुकीचं.

डोळखांबसारख्या ठिकाणी हे काम कोणाचं येतं? सेवा केंद्रं, झेरॉक्सची दुकानं, शाळा, ग्रामपंचायत, एखादा हिशेब ठेवणारा वीटभट्टीवाला. मशीन सात-आठ वर्षांची, कधीही न उघडलेली. उन्हाळाभर रस्त्याची माती, भट्टीचा धूर, मग पावसाळ्याची ओल. तक्रार ठरलेली असते: सुरू होतो, वीस मिनिटांनी आपोआप बंद पडतो, थंड झाला की परत चालतो. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची सहनशक्ती १०० अंशांच्या आसपास संपते. तिथे पोचायच्या आधी ते स्वतःचा वेग कमी करतात, तरी भागलं नाही तर मशीन बंद. गिऱ्हाईक म्हणतं व्हायरस आहे. दहा ठिकाणी विंडोज परत टाकून झालेलं असतं.

पण लगेच स्क्रू काढायला बसू नका. चालू मशीनवर बायोसमध्ये किंवा एचडब्ल्यू मॉनिटरसारख्या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये तापमान बघा आणि गिऱ्हाइकासमोर फोटो काढा. काहीच काम चालू नसताना आकडा ७५-८० असेल तर आपलं काम आहे. ४५ असेल आणि तरी मशीन बंद पडत असेल तर रोग दुसरीकडे आहे, बहुतेक पॉवर सप्लायमध्ये. त्याला पेस्टचे पैसे लावू नका. आणि पंखा धुळीने गच्च असेल तर आधी बाहेर अंगणात ब्लोअर मारून परत मोजा. कितीतरी वेळा तेवढ्यानेच भागतं.

आता साहित्य. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. निदान ९० च्या वर. हे आपल्या शेजारी रायगड जिल्ह्यात तळोज्याच्या कारखान्यातही बनतं, त्यामुळे फार दुर्मिळ काही नाही. पण गावात मिळत नाही म्हणून लोक हाताला लागेल ते वापरतात. करोनापासून प्रत्येक दुकानात सॅनिटायझर आहे, तेच वापरू का, असं शिकाऊ मुलं हमखास विचारतात. नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीतल्या सॅनिटायझरमध्ये हेच अल्कोहोल ७५ टक्के असतं, पण सोबत १.४५ टक्के ग्लिसरॉल असतं, हात कोरडे पडू नयेत म्हणून. ते उडून जात नाही, झाकणावर चिकट थर धरून बसतं. बाकी बहुतेक पाणी. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बऱ्याचदा ॲसिटोन, वर तेल आणि सुगंध. ॲसिटोन काही प्लॅस्टिक खातं. थिनर, पेट्रोल, रॉकेल यांची तर गोष्टच नको. माझ्याकडे एक बोर्ड आला होता, कुणीतरी थिनरने पुसलेला. पंख्याच्या सॉकेटचं प्लॅस्टिक विरघळून वेडंवाकडं झालं होतं. त्या सेवा केंद्रवाल्या ताईंचे भर जूनमध्ये चार दिवस गेले. दाखल्यांची रांग दुसऱ्या केंद्रावर गेली ती गेलीच.

पुसायला मायक्रोफायबर किंवा चष्म्याचं फडकं. टिश्यू पेपर आणि कापूस तंतू सोडतात. कापसाच्या काड्या फक्त कडेच्या कोपऱ्यांसाठी. खरवडायला जुनं एटीएम कार्ड. स्क्रूड्रायव्हर, ब्लेड, पॉलिश पेपर यांपैकी काहीही झाकणाजवळ न्यायचं नाही.

मशीन बंद करायच्या आधी दहा मिनिटं चालू ठेवा. हे उलटं वाटेल, पण जुनी पेस्ट गरम असताना मऊ होते. मग बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, डब्याच्या उघड्या धातूला हात लावा आणि पंख्याची वायर सोडवा. इंटेलच्या डब्यातल्या हीटसिंकला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. प्रत्येक डोक्यावर बाण कोरलेला असतो, त्या दिशेने पाव वळसा द्यायचा आणि वर ओढायचं. जोर लावला तर खुंटी तुटते.

एएमडीच्या मशीनला मात्र थांबा. एएम४ सॉकेटपर्यंतच्या त्यांच्या घरगुती प्रोसेसरना पिना स्वतःच्या पोटाला असतात. पेस्ट वाळून सिमेंटसारखी झाली असेल आणि तुम्ही हीटसिंक सरळ वर ओढलात, तर सॉकेटचा खटका लावलेला असतानासुद्धा प्रोसेसर हीटसिंकला चिकटून उपटून येतो. हजाराच्या वर पिना, आणि त्यातली एक वाकली तरी मशीन बंद राहू शकतं. म्हणून वर ओढायच्या आधी हीटसिंक डावीकडे-उजवीकडे हळू पिळायचा, बरणीचं घट्ट झाकण सोडवतो तसा. हलला की मगच वर. तरीही उपटून आलाच तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. हेअर ड्रायरने हीटसिंक गरम करा आणि पुन्हा पिळा. नव्या एएम५ मध्ये, आणि इंटेलमध्ये २००४ पासून, पिना मदरबोर्डवर असतात. तिथे प्रोसेसर सॉकेटमधून काढायचाच नाही. जागेवरच पुसायचा.

पुसणं. आधी कार्डाने सुटेल तेवढा वाळलेला थर काढा, बोर्डवर न सांडता. मग अल्कोहोल फडक्यावर घ्या. प्रोसेसरवर ओतायचं नाही, थेंबही नाही. ओलं फडकं झाकणावर अर्धा मिनिट नुसतं टेकवून ठेवा, पेस्ट सुटायला वेळ द्या. नंतर कडेकडून मध्याकडे पुसा. बहुतेक जण मधून बाहेर पुसतात आणि सगळी घाण सॉकेटच्या फटीत ढकलतात. फडक्याची बाजू बदलत राहा. कोऱ्या बाजूवर करडा डाग उठत नाही तोपर्यंत चालू ठेवा. झाकणावरचे नंबर आता स्पष्ट वाचता आले पाहिजेत. हीटसिंकचा तळही तसाच. दोन्ही पृष्ठभाग पाच मिनिटं वाळू द्या आणि त्यानंतर बोट लावू नका, बोटाचं तेलही तेलच. हे अल्कोहोल चटकन पेट घेतं. देवापुढची उदबत्ती, सोल्डरिंग आयर्न, विडी ओढणारा शेजारी, सगळं लांब. खिडकी उघडी.

नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. पसरवायची गरज नाही, दाबाने पसरते. स्क्रू असतील तर समोरासमोरचे थोडेथोडे आवळत जा. पंख्याची वायर परत लावा; ही विसरली की सुरू करताच पंख्याचा एरर येतो, आणि तेही गिऱ्हाइकासमोर.

लॅपटॉप सुरुवातीला घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे प्रोसेसरवर धातूचं झाकण नसतं, उघडी चिप आणि शेजारी मोहरीपेक्षा बारीक कपॅसिटर. फडकं अडकलं की एखादा निघून येतो. आणि उघडल्यावर पाऱ्यासारखं चकचकीत काही दिसलं तर तो गॅलियमचा लिक्विड मेटल आहे. तो वीज वाहून नेतो आणि ॲल्युमिनियम खातो. झाकण बंद करा, जाणकाराकडे पाठवा.

आता हिशेब. बीबीएला कॉस्टिंग शिकलो तेव्हा उदाहरणं सगळी कारखान्यांची होती, पण पद्धत इथेही तीच. समजा ४ ग्रॅमची ट्यूब ४५० रुपयांना आणली आणि १५ कामं झाली, तर कामाला ३०. अर्धा लिटर अल्कोहोल ३५० चं, एका कामाला १० मिलि, म्हणजे ७ रुपये. फडकं वगैरे धरून ४५. दर ३०० लावला तर २५५ उरले असं वाटतं. पण सामान संपलं की डोळखांबहून आसनगाव, तिथून लोकल, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, मग लॅमिंग्टन रोड. एक अख्खा दिवस आणि भाडं जातं. ते एकदम दोन-तीन महिन्यांचं सामान आणून वाटून घ्या. शिवाय प्रत्येक कामामागे ५० रुपये वेगळ्या डब्यात टाका. समजा जुना बोर्ड बदलून द्यायची वेळ आली आणि ४,००० लागले, तर ते ८० कामांतून जमलेले असतील. हा डबा नसेल तर ते पैसे घरखर्चातून जातात आणि मग माणूस गिऱ्हाइकाशी खोटं बोलतो.

काम घेताना साध्या वहीत लिहा: आधीचं तापमान, मशीन सुरू होत होतं की नाही, डेटाची कॉपी घेतली की नाही, सही. परत देताना नवा आकडा शेजारी लिहा. डब्याच्या आतल्या बाजूला तारखेची चिठ्ठी चिकटवा. दर सहा महिन्यांनी पेस्ट बदला असं कोणी शिकवत असेल तर ऐकू नका. चांगली पेस्ट काही वर्षं टिकते, आणि गावात गिऱ्हाईक एकच असतं, ते दोनदा फसत नाही.

एप्रिल संपायच्या आत आजूबाजूच्या सेवा केंद्रांची, झेरॉक्सवाल्यांची यादी करून एकदा चक्कर मारा, तापमान फुकट मोजून द्या. ज्यांचं ७० च्या वर आहे त्यांना मे महिन्यातली तारीख द्या. जूनमध्ये दाखल्यांची आणि ॲडमिशनची गर्दी सुरू झाली की ते मशीन तुमच्या हातात अर्धा तासही देणार नाहीत.