दोन टाक्यांचं विमान

साहित्य मंडळाच्या अंकात लढाऊ विमानांचं काय काम, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर सरळ आहे. वर्गात आपण ज्याला वास्तवाचा आभास म्हणतो, तो किती नेटाने उभा करता येतो हे बघायचं असेल तर एकदा फ्लाइट सिम्युलेटरमध्ये बसून बघा. आणि तो किती क्षुल्लक कारणाने मोडतो, हेही तिथेच कळतं. दीड तासाची मोहीम, शेवटचं वळण, समोर धावपट्टी, आणि त्याच क्षणी डोळ्यांवरच्या व्हीआर हेडसेटची बॅटरी संपून गुडुप अंधार!

म्हणून या लेखात दोन गोष्टी सांगणार आहे. सिम्युलेटरमधली विमानं अशी हट्टी का वागतात, आणि हेडसेट शेवटपर्यंत जिवंत कसा ठेवायचा. वरवर या दोन गोष्टी वेगळ्या वाटतात. पण व्हीआरमध्ये उडणाऱ्या माणसाकडे टाक्या दोन असतात: एक विमानातल्या इंधनाची, दुसरी डोक्यावरच्या बॅटरीची. पहिलीचा काटा सगळे बघतात, दुसरीकडे बहुतेकांचं लक्षच नसतं.

विमानाचे स्वभाव

साध्या गेममध्ये बटण दाबलं की विमान उडतं. 'डीसीएस वर्ल्ड'मध्ये तसं नाही. हा सिम्युलेटर फुकट मिळतो आणि सोबत दोन विमानंही फुकट येतात. एक रशियन सु-२५टी, आणि दुसरं टीएफ-५१डी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँगचं दोन आसनांचं, शस्त्रं नसलेलं रूप. मस्टँगचा थ्रॉटल एकदम पुढे ढकलून बघा. विमान डावीकडे ओढ घेतं आणि धावपट्टी सोडून थेट गवतात जातं. नवख्याला वाटतं, आपली जॉयस्टिक बिघडली. खरं तर काहीच बिघडलेलं नसतं. एवढा मोठा प्रोपेलर एका दिशेने फिरतो तेव्हा विमानाचं धड उलट दिशेला कलू पाहतं. शिवाय प्रोपेलरने मागे फेकलेली हवा पीळ घेत शेपटीवर आदळते. म्हणून थ्रॉटल हळूहळू द्यायचा आणि उजवा पाय रडरवर आधीपासून तयार ठेवायचा. खऱ्या मस्टँगच्या वैमानिकांनाही हेच शिकवलं जायचं.

दुसरं उदाहरण तर इतिहासाच्या पुस्तकातलं आहे. १९४० मध्ये ब्रिटनवरच्या हवाई लढाईत स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्ही विमानांना मर्लिन इंजिन होतं. त्याच्या कार्बोरेटरमध्ये इंधनाची पातळी राखायला एक फ्लोट असायचा. वैमानिकाने विमानाचं नाक झटक्यात खाली दाबलं की आतलं इंधन वर उसळायचं आणि इंजिन क्षणभर गुदमरायचं. जर्मन बीएफ १०९ च्या इंजिनात इंधन थेट फवारलं जायचं, त्यामुळे तो नुसतं नाक खाली करून खुशाल निसटायचा. ब्रिटिश वैमानिक मग आधी विमान उलटं करायचे आणि मगच खाली सूर मारायचे. १९४१ मध्ये बिआट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी इंधनाच्या नळीत बसवायचा, मोजक्या आकाराचं भोक असलेला एक छोटासा पितळी तुकडा शोधून काढला आणि हा त्रास बराच कमी झाला. 'क्लिफ्स ऑफ डोव्हर' या सिम्युलेटरमध्ये सुरुवातीचा स्पिटफायर घेतलात तर इंजिन आजही तसंच गुदमरतं. ही चूक नाही, इमानदारी आहे.

पण त्या चपळ बीएफ १०९ चीही एक गोची होती, आणि ती आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. फ्रान्समधून उडून लंडनवर पोचेपर्यंत त्याचं इतकं इंधन संपलेलं असायचं की तिथे लढायला जेमतेम १० मिनिटं उरायची. परत फिरायला उशीर झाला की खाली इंग्लिश खाडीचं गार पाणी वाट बघत असायचं. तेव्हा पोटाखाली जोडायच्या जादा टाक्या असत्या तर, हा प्रश्न इतिहासकार अजून चघळतात.

चष्म्याचे स्वभाव

काही विचित्रपणा मात्र विमानाचा नसतो, डोक्यावरच्या यंत्राचा असतो. हेडसेटमध्ये दर सेकंदाला ९० चित्रं दाखवायची असतील तर कॉम्प्युटरला एका चित्रासाठी फक्त ११ मिलिसेकंद मिळतात. ते जमलं नाही तर तो निम्मीच चित्रं काढतो आणि मधली अंदाजाने भरतो. मग प्रोपेलरभोवती हवा थरथरल्यासारखी दिसते, आणि समोरून आडवं जाणारं विमान एकाचं दोन दिसतं. ग्राफिक्सची सेटिंग्ज उतरवणं हाच त्यावरचा खरा उपाय. ९० ऐवजी ७२ चा वेग ठेवला तर कॉम्प्युटरवरचा भार हलका होतो आणि हेडसेटचंही काम कमी होतं.

दुसरी खोड अशी, की हेडसेटच्या आत कपाळाजवळ एक सेन्सर असतो. कीबोर्ड बघायला तुम्ही हेडसेट वर उचललात की त्याला वाटतं, माणूस उठून गेला. तो झोपी जातो आणि विमान मात्र उडतच राहतं. म्हणून लागणारी सगळी बटणं जॉयस्टिकवर घ्या. नजर मध्यावर आणणारं बटण तर हवंच हवं.

बॅटरीचा हिशोब

आता दुसऱ्या टाकीकडे येऊ. उदाहरणासाठी मेटा क्वेस्ट ३ घेते, कारण विद्यार्थ्यांमध्ये क्वेस्ट मालिकेचेच हेडसेट जास्त दिसतात. त्याच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा मावते आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार ती सरासरी २.२ तास पुरते. भागाकार करा: साधारण ९ वॉटची भूक.

आता कॉम्प्युटरचा यूएसबी पोर्ट किती देतो ते बघा. यूएसबी २ चा नेहमीचा पोर्ट २.५ वॉट देतो आणि यूएसबी ३ चा ४.५ वॉट. म्हणजे वायर लावलेली आहे, चार्जिंगची खूण दिसते आहे, तरी बॅटरी उतरतेच आहे. कित्येकजण इथे 'केबल खराब निघाली' म्हणून नवी आणतात. केबल बिचारी निर्दोष असते. नळ बारीक आणि भोक मोठं, मग टाकी भरणार कशी? टाइप-सी पोर्ट १५ वॉटपर्यंत देऊ शकतो, पण सगळेच देतात असं नाही. मदरबोर्डच्या माहितीपत्रकात बघून घ्या.

उपाय तीन आहेत. पहिला, दोन तोंडांची केबल: एक तोंड कॉम्प्युटरला, तिथून डेटा येतो, दुसरं भिंतीवरच्या चार्जरला, तिथून वीज येते. दुसरा, वायरलेस खेळणं. चित्र वायफायवरून येतं आणि हेडसेटचा पोर्ट चार्जिंगला मोकळा राहतो. त्यासाठी कॉम्प्युटर राउटरला लॅन केबलने जोडा आणि राउटर त्याच खोलीत ठेवा. तिसरा माझा आवडता: डोक्याच्या मागच्या पट्ट्यावर पॉवर बँक बांधणं. १०,००० एमएएचची पॉवर बँक कागदावर ३७ वॉट-तासांची असते. वाटेत जाणारं सोडलं तरी ३० च्या आसपास हाती येतात, म्हणजे आणखी तीन तास. वर फायदा असा, की ५१५ ग्रॅमच्या हेडसेटने पुढे ओढलेली मान मागच्या वजनाने सावरते. बीएफ १०९ ला ज्याची गरज होती ती जादा टाकी हीच!

एवढं करूनही जोडणी मध्येच तुटत असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. वीज वाचवायला विंडोज पोर्टला झोपवतो. आणि मागचा शत्रू बघायला मान वळवताना केबलचा ताण पोर्टवर यायला नको, म्हणून ती पट्ट्याला क्लिपने बांधून थोडी सैल सोडा.

लाईट जाते तेव्हा

आमच्या बेळगावात पावसाळ्यात लाईट जाणं नवीन नाही. गंमत म्हणजे अशा वेळी हेडसेट आपल्या बॅटरीवर शाबूत राहतो आणि कॉम्प्युटर मरतो. घरच्या इन्व्हर्टरला 'यूपीएस मोड' असेल तर तो चालू ठेवा, नाहीतर वीज बदलण्याच्या क्षणात कॉम्प्युटर बंद पडतो. वेगळा यूपीएस घेणार असाल तर डब्यावरचा व्हीए आकडा बघून भुलू नका, वॉट किती ते विचारा. आणि राउटर त्यावर जोडायला विसरू नका.

बॅटरीची काळजीही घ्यायला हवी, कारण ती आतच बसवलेली असते आणि घरी बदलता येत नाही. उष्णता तिची शत्रू. खेळ झाल्यावर गरम हेडसेट बॅगेत कोंबू नका, आणि भिंगांवर थेट ऊन पडेल असा तर कधीच ठेवू नका. भिंग ऊन एकवटून आतला पडदा जाळतं.

बिंगो

लढाऊ वैमानिकांच्या बोलीत दोन शब्द आहेत. 'जोकर' म्हणजे इंधन इतकं उरलं की आवरतं घ्यायला लागा. 'बिंगो' म्हणजे आता परत फिरायलाच हवं, मग समोर काहीही असो. हेच बॅटरीला लावा. बॅटरीचा एक टक्का म्हणजे साधारण सव्वा मिनिट. मी जोकर ४० वर आणि बिंगो २५ वर धरते, म्हणजे घरी येऊन उतरायला अर्धा तास हातात राहतो.

हे आकडे फक्त आपल्यासाठी नसतात. चारजण मिळून मोहिमेवर जातात तेव्हा प्रत्येकाची पाठ दुसरा राखत असतो. तुमचा पडदा काळा झाला की तुम्ही खुर्चीतून उठून चहा घ्यायला जाता, पण ज्याच्या मागे तुम्ही होतात तो ढगात एकटा पडतो आणि त्याला ते कळतही नाही. तेव्हा उड्डाणाआधी रेडिओवर इंधन सांगताना दोन आकडे सांगा: टाकीतले किलो आणि हेडसेटचे टक्के.