आधी कृती, मग शब्द

बेल वाजली की पाहुण्याच्या अंगावर झेप घ्यायची नाही, आपल्या बस्करावर जाऊन बसायचं. माणसांची सतत ये-जा असलेल्या घरातल्या कुत्र्यासाठी याहून उपयोगी आज्ञा क्वचितच असेल. मिरी पाच महिन्यांची झाली, तिचे दुधाचे दात पडू लागले, तेव्हा आम्ही तिला ‘जागेवर’ शिकवायला घेतलं. मिरी गावठी आहे. काळी, लांब पायांची, एक कान उभा आणि दुसरा अजून अर्धवट दुमडलेला.

सुरुवातीला ‘जागेवर’ हा शब्द घरात कुणीच उच्चारला नाही. अर्थ ठाऊक नसलेला शब्द पिल्लाच्या कानावर सारखा पडत राहिला, तर पंख्याच्या घरघरीसारखा तो त्याला ऐकूच येईनासा होतो. म्हणून आधी कृती पक्की करायची आणि ती हमखास होऊ लागली की तिला नाव द्यायचं.

त्याआधी एक खूण हवी. जीभ टाळूवर आपटून ‘टॉक्’ असा आवाज काढायचा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा द्यायचा. चिकनमध्ये मीठ, कांदा, लसूण काही नाही, आणि जेवढं असं दिलं तेवढं तिच्या जेवणातून कमी. थोड्याच वेळात ‘टॉक्’ ऐकताच मिरी हाताकडे पाहू लागली. पावलॉव यांनी कुत्र्यांच्या लाळेवरच्या प्रयोगांत दाखवला तो हाच संबंध. या आवाजाचं महत्त्व वेळेत आहे. तुकडा तोंडाशी पोचेपर्यंत पिल्लू उठून भलतंच काही करू लागतं आणि बक्षीस त्या भलत्या गोष्टीला मिळतं. ‘टॉक्’मुळे नेमका क्षण पकडता येतो. कॅरन प्रायर हवाईमध्ये डॉल्फिनना शिकवत, तेव्हा ही खूण म्हणजे शिट्टी असे. पाण्यातल्या प्राण्याला ना पट्टा बांधता येतो, ना ढकलून बसवता येतं. १९८४ साली आलेल्या त्यांच्या ‘डोंट शूट द डॉग’ या पुस्तकाने ही पद्धत कुत्री पाळणाऱ्या अनेकांपर्यंत नेली.

मग बस्कर अंथरलं. मिरीने ते हुंगलं, ‘टॉक्’. एक पाय ठेवला, ‘टॉक्’. तुकडा दर वेळी बस्करावरच ठेवायचा, म्हणजे ती जागाच चांगली वाटू लागते. एक पाय नेमाने पडू लागला की दोन पायांची वाट पाहायची, मग चारही, मग खाली बसणं. अपेक्षा इतकी हळू वाढवायची की पिल्लू बहुतेक वेळा जिंकत राहावं. सराव दोन-तीन मिनिटांचाच असावा. मिरी जांभई देऊ लागली, ओठ चाटू लागली, मान वळवू लागली, की तिला हमखास जमेल असं एखादं सोपं काम करून घ्यायचं आणि तिथेच थांबायचं.

ती आपणहून बस्कराकडे निघू लागली, तेव्हा कुठे शब्द आला. ती निघण्याच्या बेतात असताना ‘जागेवर’ म्हणायचं, क्षणभर थांबायचं, मग हाताने बस्कर दाखवायचं. शब्द आणि हात एकदम आले तर कुत्रं हाताकडेच पाहतं. आपल्या शरीराच्या हालचाली कुत्री फार बारकाईने टिपतात. आईची सवय ‘जागेवर, जागेवर, जागेवर’ म्हणण्याची. “आई, एकदाच म्हण आणि थांब,” असं सांगितल्यावर ती थांबली. मिरीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वळून बस्करावर गेली. आईने स्वतःच्या हाताने तुकडा दिला. तेव्हापासून घरात सगळ्यांचा शब्द एकच आणि तो एकदाच.

यापुढे तीन गोष्टी वाढवायच्या असतात. बसून राहण्याचा वेळ, आपल्यातलं अंतर आणि आजूबाजूची गडबड. एका वेळी एकच वाढवायची, बाकीच्या दोन तेवढ्यापुरत्या सोप्या करायच्या. उठायची परवानगीही आपणच द्यायची. आमच्याकडे तिचा शब्द ‘चल’. दिवाणखान्यात पक्कं झालेलं ‘जागेवर’ गच्चीवर नेलं, तर मिरी नुसती उभी राहिली. कुत्र्याच्या लेखी जागा बदलली की धडाही बदलतो. गच्चीवर पुन्हा एका पायापासून सुरुवात केली आणि तिथे ती फार लवकर शिकली.

शेवटी बेल. एकाने बाहेरून ती वाजवायची, आतल्याने लगेच ‘जागेवर’ म्हणायचं. बेल नेहमी शब्दाच्या आधी येत राहिली की काही दिवसांनी बेलच आज्ञा होते. आता कुत्र्याला घाबरणारी शेजारची मुलगीही निर्धास्तपणे आत येते.

ओरडून किंवा मारूनही पिल्लू शिकतं, पण माणसाचा हात उगारला की अंग चोरायला. ‘जागेवर’ म्हटल्यावर मिरी शेपूट हलवत निघते, कारण त्या शब्दापाठोपाठ तिच्या बाबतीत आजवर चांगलंच घडत आलं आहे. हा विश्वास सांभाळणं ही रोजची जबाबदारी आहे आणि ती घरातल्या प्रत्येकाची आहे.